माझ्या नावाची बॅटरी

मास्तरांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण अकोल्याच्या भाजीबाजारात आणि अमरावतीच्या संत्र्यांच्या बाजारात लोक याच्या नेमकं उलट धरून चालतात. माझं नाव आणि फसवणूक हे दोन शब्द एका वाक्यात आले, की फसवणारा मीच असणार, असा दोन्हीकडे समज आहे. तो समज मी वीस वर्षं घसा कोरडा करून कमावलेला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या प्रकरणात तो खोटा आहे. फसवलं मास्तरांनी आणि फसलो मी.

मास्तर म्हणजे अमरावतीचे बॅटरीवाले मास्तर. शाळेत सायन्स शिकवता शिकवता निवृत्त झाले आणि घराजवळच्या पिठाच्या गिरणीला लागून एक टिनाचं शेड टाकून बसले. गिरणीच्या इंजिनावरून एक पट्टा भिंतीतल्या भोकातून त्यांच्या शेडमध्ये यायचा आणि डायनॅमो फिरवायचा. डायनॅमोवर गावातल्या मोटारींच्या आणि रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्या. म्हणजे बायाबापड्यांनी ज्वारी दळायला आणली, तर वकिलांच्या मोटारी चालणार. सणावाराला गिरणी बंद, की मास्तर हात चोळत दारात उभे. एखादी बाई डोक्यावर पायली घेऊन दिसली, की तिला असे नमस्कार करायचे, जणू ती कमिशनरसाहेबांची मेम आहे.

शाळा सुटली, पण मास्तरांची शाळा काही सुटली नव्हती. शेडमध्ये लाकडी फळ्यांवर बॅटऱ्या ओळीनं बसवलेल्या असायच्या आणि रोज सकाळी त्यांची हजेरी व्हायची. प्रत्येकीच्या नावाचा एक पुठ्ठा. काचेच्या पिचकारीत आतलं तेजाबाचं पाणी ओढायचं, त्यात तरंगणाऱ्या दांडीवरचा आकडा वाचायचा आणि पुठ्ठ्यावर लिहायचा. बाराशे ऐंशी आला तर पहिला वर्ग. बाराशेवर काठावर पास. त्याच्याखाली नापास, आणि नापास झालेलीच्या मालकाला चिठ्ठी जायची, ‘पालकांनी येऊन भेटावे.’ मालक हा शब्द मास्तरांच्या तोंडात कधी आला नाही. बॅटरी ज्याची, तो तिचा पालक. एका मोठ्या वकिलांना त्यांनी या शेडमध्ये उभं करून विचारलेलं मी ऐकलं आहे, “रात्री दिवे लावून गाडी क्लबासमोर उभी ठेवता, आणि मग मूल अभ्यासात मागे पडलं म्हणता?”

याच वकिलांची मोटार मी विकत घेतली. कॅनव्हासच्या टपाची, हिरवी, जुनी, पण चालती. घासाघीस सव्वा महिना चालली. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, “घेऊन जा बाबा, पण माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस.” माझ्या आयुष्यातलं ते पहिलं प्रशस्तिपत्रक. माझा बाप डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन अकोल्यात दारोदार फिरला आणि मी त्याच्या मागे मेथीच्या जुड्या घेऊन. ज्या आळीत आम्हाला मागच्या दारानं या म्हणत, त्या आळीतून मी हॉर्न वाजवत गेलो. दोनदा गेलो. काम काही नव्हतं.

हे सुख वर्षभर टिकलं. लढाई पेटली, पेट्रोल कुपनावर गेलं, आणि भाजीवाल्याला मोटारीची गरज काय, असं म्हणून माझं कुपन कोणीतरी बारीक करत करत संपवून टाकलं. उतारूंच्या सर्व्हिस गाड्या पेट्रोलऐवजी पाठीला कोळशाची भट्टी बांधून खोकत खोकत धावू लागल्या. माझी मोटार विटांवर चढली. बाजारातले लोक विचारायचे, “कावून बावा भिकाजी, कोंबड्या कधी पाळतं तिच्यात?” मी म्हणायचो, “लढाई सरू दे. बटन दाबीन अन् चालू होईन. तुमी पायजा.” दहा माणसांसमोर बोललो होतो. आता ते खरं करणं भाग होतं. आणि मोटार जुनी असो की नवी, हँडल मारा की ढकला, ठिणगी बॅटरीचीच लागते. लढाईत नवी बॅटरी मिळत नव्हती. होती ती मेली, की मोटार म्हणजे खुराडंच.

म्हणून मी बॅटरी घेऊन मास्तरांकडे गेलो. संत्र्यांच्या खरेदीसाठी मला महिन्यातून एकदा तरी अमरावतीला जावंच लागे.

“ठेवून घ्या मास्तर. लढाई सरेपर्यंत.”

“ठेवून घेता येत नाही,” मास्तर म्हणाले. “सांभाळता येते. ठेवलेली बॅटरी झोपत नाही, भिकाजीराव. पडल्या पडल्या मरते. महिन्याला चार्ज करावी लागेल, पाणी पाहावं लागेल, मधूनमधून थोडं काम द्यावं लागेल.”

“काम नाई. माह्या मालाचा करंट दुसऱ्याले द्याचा नाई. शब्द द्या.”

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले. आता मला समजतं की ‘बरं’ हा शब्द नव्हे. पण तेव्हा माझं सगळं लक्ष भावाकडे होतं. चार्जिंगचा जो दर पाटीवर लिहिला होता, तो वाचून मी मोठ्यानं हसलो. हे मी नेहमीच करतो. मग म्हटलं, पैसे कसले घेता मास्तर, महिन्याला एक टोपली भाजी देतो. मास्तरांनी दोन टोपल्या म्हणायला हवं होतं. त्यांनी विचारलं, “ताजी?” माणूस सौद्याला इतका कच्चा पाहून मला दया आली, पण मी ती दाबली. टोपलीत तळाशी नेहमी गवार भरायचो, कारण गवार बाजारात मागे राहते.

मास्तरांची दुसरी सवय पाण्याची. बॅटरीत घालायचं पाणी ते स्वतः गाळायचे. तांब्याच्या झाकणबंद भांड्यात उकळायचं, वाफ नळीतून काढायची, नळीवर ओलं फडकं, आणि थेंब थेंब बाटलीत. एकदा मी तिथे बसलो असताना आबकारीचा शिपाई आत शिरला. भट्टी, नळी, थेंब, बाटली, आणि नळीशी डोळे लावून बसलेला म्हातारा. त्यानं मिशीवर हात फिरवला.

“मास्तर, तुमी बी?”

“चव घ्या,” मास्तर म्हणाले.

शिपायानं बाटली उचलली, डोळे मिटले, घोट घेतला. चेहरा पडला. “हे तं निस्तं पानी हाय!”

“निस्तं पाणी मिळणं फार कठीण आहे,” मास्तर म्हणाले. “तुम्ही रोज पिता त्यात काय काय असतं, सांगू?” आणि त्यांनी सांगितलं. शिपाई अर्धा तास उभा राहून ऐकत होता. जाताना त्यानं विचारलं, “मंग हे पेलं तं काई व्हत नाई?” मास्तर म्हणाले, “ज्ञान होतं. पण फार थोडं.” मी तेव्हा शिपायावर पोट धरून हसलो. पाण्याबद्दल मास्तर जे बोलले त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात गेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या एका आडत्याच्या मुलीचं लग्न निघालं. हा आडत्या आणि मी एकमेकांची संत्री पाडून बोलण्यात आयुष्य घालवलेले. आमंत्रण आलं, मी गेलो, कारण त्यानं किती खर्च केला हे पाहायचं होतं. मांडवात लाऊडस्पीकर! तबकड्यांवरची सनई, भटजींची मंगलाष्टकं, सगळं सात गल्ल्या ऐकू येत होतं. मी मनातल्या मनात जळलो आणि तोंडानं म्हणालो, “आवाज मोठा गोड हाय बाप्पा.” तो फुगून म्हणाला, “बॅटरी चांगली आहे ना. मास्तरांनी दिली.”

मी जागचा उठलो. माइकच्या टेबलाचं कापड वर केलं. खाली माझी बॅटरी. पांढऱ्या रंगात माझ्याच हातानं लिहिलेलं, ‘भिकाजी, अकोला.’ मास्तर शेजारीच खुर्चीवर बसून बुंदीचा लाडू खात होते.

“मास्तर! माही बॅटरी इथं काय करून राह्यली?”

“काम करते आहे,” मास्तर शांतपणे म्हणाले. “हळू बोला.”

“हळू कावून बोलू? तुमी मले शब्द देल्ला होता! अन् देल्ली तं कोनाले देल्ली? या चोट्ट्याले? सडकी संत्री तळाशी घालून इकनारा मानूस हा!”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सनई थांबली आहे आणि मांडवातली चारशे माणसं माना वळवून बघत आहेत. माझा आवाज मला स्वतःलाच चारी कोपऱ्यांतून परत ऐकू येत होता. टेबलावरचा माइक चालू होता. माझ्याच बॅटरीच्या जोरावर मी सात गल्ल्यांना सांगितलं होतं की वधूचा बाप चोट्टा आहे.

“पाहा,” मास्तर म्हणाले, तेही माइकमधून, “किती स्पष्ट आवाज. पहिल्या वर्गातली आहे.”

अख्खा मांडव हसला. वधूही हसली. मी नाही हसलो. मी कापड फेकलं, तारा उपटल्या, बॅटरी उचलली आणि तशीच काखेत मारून स्टेशनवर गेलो. मागून मास्तरांचा आवाज येत होता, “भिकाजीराव, आडवी करू नका! सरळ धरा!” अकोल्याला उतरलो तेव्हा धोतराच्या एका बाजूची चाळणी झाली होती. तेजाबाला राग कळत नाही.

घरी मी ती माझ्या पद्धतीनं ठेवली. मी भाजीवाला माणूस. टिकवायचा माल कसा ठेवायचा, हे मला कोणा मास्तरानं शिकवायची गरज नव्हती. कांद्यासाठी बांबूचा मांडव घातला होता, खालून वरून वारा खेळता. त्यावर कोरडं तणस पसरून बॅटरी कांद्यांच्या शेजारी बसवली. भरलेलं पोतं तोंड शिवून ठेवलं, तर चार महिन्यांनी कमी भरतं का? मास्तर झाकणं उघडून पाणी घालत, ते मी पाहिलं होतं, म्हणून मीही पंधरा दिवसांनी पाणी घालत गेलो. घरच्या विहिरीचं.

आमच्या भागातल्या खारट विहिरी ज्यांनी चाखल्या आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

दसऱ्याला मोटारीची पूजा मांडली. झेंडू, आपट्याची पानं, नारळ. पूजेला जिवंत गाडी हवी म्हणून बॅटरी बसवली. शेजारीपाजारी जमले. बायकोनं हळदकुंकू वाहिलं, मी आत बसलो आणि ऐटीत हॉर्न दाबला. घशात कफ अडकलेला म्हातारा माजघरातून हाक मारतो, तसा एक आवाज आला. मग तोही नाही. सेल्फचं बटन दाबलं. टक् झालं, बस्स. “अंडी देते का पाय रे,” कोणीतरी मागून बोललं. मी नारळ फोडला तो इतक्या जोरात, की एक भकल शेजाऱ्याच्या पायावर गेली.

पुढच्याच गाडीनं अमरावती. बॅटरी भाजीच्या टोपलीत, सरळ धरून. मास्तरांसमोर कसं उभं राहावं याचा विचार बडनेऱ्यापर्यंत केला आणि ठरवलं की आपणच चढ्या आवाजात सुरुवात करावी. पण मास्तरांनी बोलू दिलं नाही. आधी बॅटरी घेतली, झाकणं काढली, आत वाकून पाहिलं, पिचकारी लावली. दांडी वर उठलीच नाही.

“काय पाजलं हिला?”

“पानी.”

“कुठलं?”

“घरच्या इहिरीचं.”

“ज्यात डाळ शिजत नाही, ते?”

मी टोपलीची कड चाचपू लागलो.

“तुम्ही स्वतः पिता का ते?”

“मी कावून पिऊ? आमी नदीचं आनतो.”

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. “मग हिनं काय पाप केलं होतं, भिकाजीराव?”

वीस वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकानं मला असा प्रश्न विचारला नव्हता. मास्तर मात्र तेवढ्यावरच थांबले. मांडवातला विषय काढला नाही, धोतराला हसले नाहीत. “ठेवून जा. दोन महिने तरी लागतील. हळूहळू चार्ज करून पाहू, सुधारतात कधीकधी.”

“सुधरली नाई तं?”

“सुधारेल.”

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि तो उतरल्याबरोबर मी म्हणालो, “पन भाव पयलाच राहीन हं मास्तर.”

“पहिलाच,” ते म्हणाले. “फक्त गवार नको. हिला दात कमी आहेत.” हिला म्हणजे मास्तरीणबाईंना. त्या आतून म्हणाल्या, “माझ्या दातांचा सौदा तुम्ही करू नका. मेथी आणत जा म्हणावं, निवडलेली.” मी मेथी कबूल केली, निवडलेली नाही.

दोन महिन्यांनी गेलो तर बॅटरी फळीवर, पुसून लख्ख. बाजूला पांढऱ्या रंगात माझं नाव. मास्तरांनी माझ्यासमोर पिचकारी लावली. बाराशे सत्तर. “बघा,” म्हणाले. मी बघितलं. अक्षर माझ्यापेक्षा जरा वळणदार वाटलं, पण मला वाटलं, रंग उडाला असेल, मास्तरांनी गिरवला असेल. माणूस जिंकत असला की बारकाईनं बघत नाही.

त्यानंतर लढाई संपेपर्यंत बॅटरी मास्तरांकडे होती. भजनात गेली, शाळेच्या गॅदरिंगला गेली, दवाखान्यात एका अवघड बाळंतपणाला दिवा लावायला गेली. मी काही बोललो नाही. उलट कोणाकडे गेली होती, हे विचारून घ्यायचो आणि गाडीत बसल्यावर मनाशी म्हणायचो, माझी बॅटरी.

कुपनं सैल झाली तेव्हा अकोल्यात जिकडेतिकडे मोटारी ढकलण्याचा सण लागला. डॉक्टरची ढकलत होते, कापसाच्या जिनवाल्याची बैल लावून ओढत होते. मी भाजीबाजाराच्या तोंडाशी मोटार आणवली, कोंबड्या पाळायला सांगणारे सगळे गोळा होऊ दिले, आणि बटन दाबलं. एकदाच. मोटार अशी गुरगुरली, की पुढच्या गाड्यावरची टमाटी घरंगळली. माझ्या लग्नातही मला इतका आनंद झाला नव्हता, आणि हे बायकोला माहीत आहे.

तीच मोटार घेऊन मी थेट मास्तरांच्या दारात गेलो. ते बाहेर आले, मोटारीला एक फेरी मारली, रंग पाहिला नाही, टप पाहिला नाही. पुढच्या सीटखालची फळी उचलून बॅटरीला हात लावला. मग मी मागचं दार उघडून धरलं तर म्हणाले, “मागे काय ठेवलंय?” आणि माझ्या शेजारी बसले. आम्ही नांदगाव खंडेश्वरापर्यंत गेलो. वाटेत मी त्यांना म्हटलं, “मास्तर, आता तरी कबूल करा. सौद्यात तुमाले म्या पार गुंडाळलं. टोपलीभर भाजीत सारी लढाई काढली.”

“गुंडाळलंत खरं,” मास्तर म्हणाले आणि बाहेरची कपाशी बघत राहिले. त्यांना हसू येत होतं. मी समजलो, वाऱ्यामुळे असेल.

त्यानंतरच्या थंडीत मास्तर गेले. चार दिवस ताप आला आणि गेले. मला कळायला उशीर झाला. मी मोटार घेऊनच भेटायला गेलो. मास्तरीणबाईंनी पाणी दिलं. कोपऱ्यात एका बॅटरीच्या खोक्यावर माठ ठेवलेला होता. मी विचारलं, “ही कोनाची राह्यली?”

“तुमचीच,” बाई म्हणाल्या. “कांद्याशेजारी निजलेली.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“ती नाही सुधारली. आठ दिवस हे तिच्याशी झटले. आतल्या पट्ट्या गेल्या होत्या. मग आमच्या रेडिओची होती, तिच्यावर यांनी तुमचं नाव घातलं. मला म्हणाले, पालकांना कळवायचं नाही, तापट आहेत.”

“अन् तुमचा रेडिओ?”

“तो बसला मुका. यांना सवय होती संध्याकाळच्या बातम्यांची. मीच म्हटलं, देऊन टाका, घरात दोन शब्द बोलता तरी येतील.” माठावरचं झाकण सरळ करत म्हणाल्या, “आणि बोललोही आम्ही. बरंच.”

मी उठलो, बाहेर गेलो, सीटखालची फळी काढली, बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि ती आणून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी हातही लावला नाही. म्हणाल्या, “नाव तुमचं आहे तिच्यावर. उचला. फरशी खराब होते.” मी म्हटलं किंमत सांगा. म्हणाल्या, ती वसूल झाली. मी भाव वाढवत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून भाव वाढवत होतो आणि समोरचा माणूस उतरायला तयार नव्हता. शेवटी मी ओरडलो. त्या म्हणाल्या, “हे म्हणाले होतेच, ओरडतील.” आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

तर असं आहे. मी कधी कोणाचं फुकट घेतलं नाही आणि कोणाला फुकट दिलं नाही. याच एका गोष्टीवर मी पाटीपासून मोटारीपर्यंत आलो. मास्तरांनी मला न विचारता, भाव न सांगता, माझंच नाव घालून आपला माल माझ्या गळ्यात मारला, आणि वर वर्षानुवर्षं मला जिंकल्यासारखं हिंडू दिलं. मी बाजारात छाती काढून सांगत होतो आणि ते अमरावतीत रेडिओविना बसले होते. आता फेडायचं म्हटलं तर घेणारा निघून गेला आणि त्याची बायको ऐकत नाही. मास्तरांच्या हाताखालून गेलेली मुलं आज वऱ्हाडभर वकील आहेत, डॉक्टर आहेत, शाळांचे हेडमास्तर आहेत. त्यांच्यापैकी कोणीही एकानं अकोल्याच्या भाजीबाजारात यावं. मी सकाळी सहापासून गाळ्यावर असतो. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्यावर असे उपकार करायचे, हे मास्तरांनी कोणत्या अधिकारानं केलं, याचा जाब मला तोंडावर द्यावा. उत्तर पटलं नाही, तर मी ओरडेन, हेही आधीच सांगून ठेवतो.